भांडायचं थांबलेलं यंत्र

तर कुलूप ओढून बघून खात्रीबाई जिना उतरल्या आणि अर्ध्यातून परत वर गेल्या, इथवर काल आलो होतो. परत का गेल्या? कुलूप लागलंय याची खात्री होती हो, पण आपण ते ओढून बघितलं याची खात्री नव्हती. पुन्हा ओढलं. या खेपेला मला वर बोलावून घेतलं. "व्याहीबुवा, तुम्ही बघितलंत ना? मी ओढलं ना?"

मी म्हटलं, "ओढलंत. आता दार उपटून हातात यायचं तेवढं राहिलंय."

तेव्हा कुठे आमची स्वारी वेधशाळेच्या रस्त्याला लागली. मला बरोबर का घेतलं होतं, तर साक्षीदार म्हणून. कशाचा साक्षीदार, ते समजायला थोडं मागे जावं लागेल, कारण काल मधेच जेवायची हाक आली आणि गोष्ट जिन्यातच राहिली.

या खात्रीबाई म्हणजे आमच्या विहीणबाई, माझ्या सुनेची आई. एकाच इमारतीत आमची दोन्ही घरं, त्या वर आणि आम्ही खाली. त्यांच्या हातून चमचा पडला तर तो कोणत्या खोलीत पडला हे मी खाली बसून सांगतो. हे नाव त्यांना मीच ठेवलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "हे तुम्हीच ठेवलंत, का दुसऱ्या कोणाचं आपल्या नावावर खपवताय?"

लग्नाच्या बोलणीतच मी ओळखलं होतं. त्यांनी विचारलं, मुलगा घोरतो का? मी म्हटलं, छे. तर लगेच, "तुम्ही कोणत्या खोलीत झोपता?" मी म्हटलं, शेजारच्या. "मधल्या भिंतीची जाडी किती?" आता बोला! माझ्या मुलाला पोरगी पसंत होती म्हणून बरं, नाहीतर मी भिंत मोजायच्या भानगडीत न पडता चपला घालून निघालो असतो.

पण त्यात त्यांचा दोष नाही. उभी हयात औषधांच्या कारखान्यात गेली. काम एकच, बाटलीवरचं लेबल आणि आतलं औषध यांचा मेळ बघायचा. आत खोकल्याचं औषध आणि वर डोळ्यांच्या थेंबांचं लेबल, असं निघालं तर कोणाच्या तरी डोळ्यावर बेतायचं. अशा कामाला विश्वासू माणूस ठेवून चालत नाही, अविश्वासूच लागतो. तो स्वभाव मग घरी येतो, स्वयंपाकघरात शिरतो, नवऱ्यालाही सोडत नाही.

नवरा म्हणजे आमचे व्याही. बायकोने काहीही म्हणावं, यांचं उत्तर ठरलेलं, "हो, तुझं बरोबर." पाऊस पडतोय म्हटलं तरी हो, ऊन पडलंय म्हटलं तरी हो. मी त्यांना हो-बुवा म्हणतो. त्यालाही ते हो म्हणतात.

खात्रीबाई निवृत्त झाल्या, आणि घरातल्या सगळ्या डब्यांवरची लेबलं दोनदा तपासून झाल्यावर त्यांना करमेना. त्याच सुमाराला टेकडीवरच्या वेधशाळेत माणसं हवी असल्याचं कळलं. तिथे कपाटंच्या कपाटं भरून जुन्या वह्या आहेत. कधीकाळी तिथले निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावून बसायचे आणि दिसेल ते हाताने लिहून ठेवायचे. अमुक तारा किती उजळ, किती वाजता बघितला, आकाश कसं होतं. ते सगळं आता संगणकात भरायचं होतं. कागद जीर्ण झालेले, म्हणून वह्यांना हात लावायचा नाही. पानांचे फोटो काढलेले. ते फोटो एआय वाचणार, आणि त्याने बरोबर वाचलंय का हे माणसाने पडद्यावर ताडून बघायचं. जिथे यंत्राला खात्री नसेल तिथे ते पिवळी खूण करतं. चुकलेलं दिसलं तर आपण दुरुस्त करायचं, आणि पानाखाली "तपासले" म्हणून स्वतःचं नाव घालायचं.

म्हणजे लेबल आणि बाटलीच की! बाई तिथे अशा रमल्या की विचारू नका. रमल्या म्हणजे पहिल्याच दिवशी पडद्याच्या वरच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर स्वतःचा रुमाल टाकला. "मी त्याचं काम तपासायला आलेय, त्याने माझं तोंड कशाला बघायचं?"

यंत्र सांभाळणारा एक गृहस्थ आहे तिथे, सदा हातात गार झालेला चहा. त्याला यांनी विचारलं, "हे रात्री काय करतं?"

"काही नाही, मावशी. बंद असतं."

"बंद असतं का गप्प असतं?"

तो बिचारा चहा प्यायचा विसरला. अजून विसरतोच.

मग त्यांनी परीक्षा घेतली. घरून स्वतःच्या हाताने लिहिलेली सामानाची चिठ्ठी नेली आणि म्हणाल्या, हे वाचून दाखवू दे. यंत्राने साबणापासून काडेपेटीपर्यंत सगळं घडाघडा वाचलं. दुसरं कोणी असतं तर खूश झालं असतं. या संध्याकाळी जिन्यातच मला गाठून म्हणाल्या, "व्याहीबुवा, माझं अक्षर माझ्या पोटच्या पोरीला लागत नाही. याला कसं लागलं? कुठून तरी माहिती काढलीय याने."

त्यानंतर रोज संध्याकाळी जिन्यात ताजी बातमी. आज त्याने शाईच्या डागाला चंद्र म्हटलं. आज सुरवंटासारखी सही वाचून तिला तारा केलं. मी आपला पायरीवर बसून ऐकायचो. आमच्या शाळेत एकच गुरुजी आणि चार इयत्ता एका खोलीत, आकाशाबद्दल आम्हाला एवढंच शिकवलं होतं की ते निळं असतं. त्यामुळे मला ही शिकवणी फार आवडायची. बाई तणतणायच्या खऱ्या, पण चेहरा असा फुललेला, की भांडायला तोडीस तोड कोणीतरी मिळालं म्हणून देवाचे आभारच मानत असाव्यात. घरी काय, कोण भांडणार? हो-बुवा?

यंत्राचा एक गुण मात्र त्या मानायच्या. एकदा सांगितलेलं ते विसरायचं नाही. आठवड्याभराच्या दुरुस्त्या गोळा करून त्याला शिकवल्या जायच्या, आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक कमी व्हायची.

आता ठिपक्यांची भानगड ऐका, कारण सगळं रामायण त्या ठिपक्यांवरून झालं.

एक जुना निरीक्षक होता, त्याच्या वह्या भरपूर. प्रत्येक नोंदीपुढे तो एक छोटं वर्तुळ काढायचा. वर्तुळ रिकामं म्हणजे आकाश स्वच्छ. अर्धं भरलेलं म्हणजे ढग. त्याच्याबरोबरचे काही जण वर्तुळात ठिपकाही द्यायचे, म्हणजे आकाशावर पातळसा धुरकट पडदा. पण या गृहस्थाने वह्यांमागून वह्या लिहिल्या, ठिपका एकदाही दिला नव्हता. मग त्याची एक वही आली ती ओल लागूनही टिकलेली, पिवळीजर्द, आणि पानभर काळे ठिपके. समासात ठिपके, तारखेवर ठिपके, ओळींच्या मधे ठिपके, वर्तुळांतही ठिपके.

"माश्या!" खात्रीबाई जिन्यात म्हणाल्या. "वर्षानुवर्षं माश्या बसून घाण करून गेल्यात. आणि ते शहाणं वर्तुळातल्या ठिपक्याला धुरकट आकाश म्हणतंय. माशीची घाण ती, तिला आकाश म्हणतं!"

वरून हो-बुवांचा आवाज आला, "माशीच. तुझं बरोबर."

"तुम्ही वही बघितलीय का?"

"नाही. पण माशीच."

झालं. बाईंनी एकेक वर्तुळातला ठिपका माशी म्हणून काढून टाकला. यंत्र पहिल्यांदा हटून बसलं, पिवळ्या खुणा करत राहिलं. यांनीही हट्ट सोडला नाही. मग शिकवणी झाली, आणखी एक शिकवणी झाली, आणि एक दिवस पिवळी खूणच दिसेना. वहीच्या उरलेल्या पानांत यंत्राने आपण होऊन सगळी वर्तुळं रिकामी वाचली. बाई वाचतील तसंच, अक्षरशः तसंच.

"आणलं वठणीवर!" त्या मला म्हणाल्या. त्या दिवशी भिंगावरचा रुमालही काढला म्हणे.

वेधशाळेच्या ज्या मोठ्या बाई आहेत, म्हणजे ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या, खात्रीबाईंच्या लेकीच्या वयाच्या, त्या हे संगणकात भरलेलं सगळं चाळत होत्या. त्यांना त्या वहीत घबाड सापडलं. एक तारा, क्षितिजालगत दिसणारा. आजवर सगळ्यांनी सरळमार्गी म्हणून सोडून दिलेला, ना कधी जास्त उजळ ना कधी कमी. आणि या वहीत तो एक आख्खा हंगाम मंद पडलेला! बरं, ढगांमुळे मंद दिसला म्हणावं तर वर्तुळं रिकामी, आकाश स्वच्छ. म्हणजे ताऱ्यालाच काहीतरी झालं होतं. मोठ्या बाई आनंदाने वेड्या व्हायच्या बाकी होत्या. किती वर्षं त्या अशा एखाद्या गोष्टीच्या मागे होत्या. लेख लिहून तयार झाला. सोमवारी तो पाठवायचा होता, आणि त्याच्या आधी त्या वहीवर खात्रीबाईंचं शेवटचं "तपासले" हवं होतं. त्यावरच सगळा लेख उभा होता. त्यांनी खात्रीबाईंना चॉकलेटांचा डबा दिला आणि म्हणाल्या, "मावशी, तुमच्या डोळ्यांमुळे झालं हे."

खात्रीबाई घरी आल्या त्या हवेतच. इतक्या वर्षांत कोणी त्यांच्या संशयाबद्दल त्यांना गोड खायला दिलं नव्हतं.

डबा वरच्या फळीवर ठेवला, कारण हो-बुवांना डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. "हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "हो, तुझं बरोबर," हो-बुवा म्हणाले आणि आपला जुना रेडिओ कानाशी धरून गॅलरीत जाऊन बसले. हे त्यांचं नेहमीचं. रेडिओ खरखरतो, हे डोलतात.

आला रविवार. सकाळी मी वर पेपर द्यायला गेलो होतो. हो-बुवा गॅलरीत रेडिओ कानाशी धरून डोलत होते, खात्रीबाई कपडे वाळत घालत होत्या. घालता घालता त्यांचा हात तारेवरच थांबला.

"अहो, काय ऐकताय?"

"गाणी."

"मला का ऐकू येत नाहीत?"

"हळू लावलीत. तुला त्रास नको."

बाईंनी चिमटा दाताखालून काढला. "हा रेडिओ हळू होत नाही. याचं बटण तुटून वर्षं झाली. हा परवापासून खरखरत नाहीये. आणा इकडे."

हो-बुवांनी या एका वेळी हो म्हटलं नाही, तेव्हाच मी समजलो. बाईंनी मागचं झाकण उघडलं. सेलच्या खणात सेल नव्हते. चॉकलेटं होती, चांदीच्या कागदातली, शिस्तीत ओळीने बसवलेली.

मी हसून हसून खुर्चीत कोसळलो. हो-बुवा म्हणाले, "मी हात लावला नाही गं, चिमट्याने काढली." पण बाईंना हसू आलं नाही, रागही आला नाही. त्या उघडा रेडिओ हातात धरून तशाच उभ्या. चेहरा उतरत गेला.

"व्याहीबुवा," त्या म्हणाल्या, "तेही गप्प बसलंय."

"कोण?"

"ते यंत्र. त्या वहीपासून भांडत नाही माझ्याशी. मला वाटलं शहाणं झालं. हा माणूस मला हो म्हणतो तेव्हा मी याचे खिसे तपासते. आणि त्याने हो म्हटलं तर मी रुमाल काढून घेतला!"

"अहो, तुम्हीच शिकवलंत, ते शिकलं."

"तेच तर! मी शिकवलं ते बोलतंय ते. मग मी तपासतेय काय? माझंच लेबल, माझीच बाटली." मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि माशी नसेल तर?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की या प्रश्नात काय काय अडकलंय. ठिपके खरे असतील तर आकाश धुरकट होतं. आकाश धुरकट असेल तर तारा मंद झालाच नव्हता, पडद्याआडून मंद दिसला होता. मोठ्या बाईंचा शोध गेला, आणि खात्रीबाईंचं नावही. मी म्हटलं, "सही तर तुमचीच आहे. कोणी विचारणार नाही." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पेपर टाकून खाली आलो.

सोमवारी सकाळी कुलपाचा तो प्रकार झाला आणि आम्ही वेधशाळेत. फाटकाशी आल्यावर बाई म्हणाल्या, "मी मधेच कच खाल्ली तर मला टोचा."

यंत्रवाला चहा घेऊन बसलाच होता. "मावशी, आज सहीचा दिवस!"

"सही राहू दे. मला सांगा, मी शिकवायच्या आधी याने ही वही काय वाचली होती, ते तुमच्याकडे आहे का पुसून टाकलंत?"

"आहे ना. का?"

"का ते नंतर. आधी दाखवा. आणि दाखवताना मधे काही करू नका, व्याही बघतायत."

त्याने जुनं वाचन शेजारी लावलं. डावीकडे आताचं, सगळी वर्तुळं स्वच्छ. उजवीकडे पहिल्या दिवसांचं, ठिपकेच ठिपके, पिवळ्या खुणांनी भरलेलं, जणू पोर ओरडून सांगतंय आणि कोणी ऐकत नाही. बाईंनी एकेक तारीख बोटाने मोजत नेली. ज्या रात्री तारा मंद, त्या रात्री वर्तुळात ठिपका. ज्या रात्री तारा नेहमीसारखा, त्या रात्री ठिपका नाही. माशीला ताऱ्याची इतकी माहिती कुठून असणार?

"मोठ्या बाईंना बोलवा," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "आणि कपाटातून ती वही काढायला सांगा. फोटो नको. वही."

मोठ्या बाई हसतच आल्या आणि पडद्याकडे बघून हसायच्या थांबल्या. वाद घातला नाही, हे मला आवडलं. हातमोजे घातले, वही मऊ कापडावर ठेवून उघडली, खिडकी लावून घेतली आणि टॉर्च पानाच्या कडेला आडवा धरला. फोटोत सगळं सपाट दिसतं. आडव्या उजेडात तसं नसतं. टाकाचं टोक दाबलं तर कागदात खळगा पडतो, माशी कितीही जड असली तरी पडत नाही.

समासातल्या ठिपक्यांवर उजेड नुसता घसरून गेला. वर्तुळांतल्या ठिपक्यांवर अडला.

"या बाजूनं धरा," खात्रीबाई म्हणाल्या. मोठ्या बाईंनी धरला. "आता उलट्या." त्यांनी तसाही धरला. "व्याहीबुवा, तुम्हाला काय दिसतं?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली हो. पण मला तिथे साक्षीला नेलं होतं. मी म्हटलं, "खळगा दिसतो. मुंगीने बसायला केल्यासारखा."

माश्या खऱ्या होत्या आणि ठिपकेही खरे होते. एवढीच गंमत.

मोठ्या बाई खुर्चीत बसल्या. टॉर्च तसाच चालू, मांडीवर. वहीकडे बघत म्हणाल्या, "त्या वर्षी आसपास एखादी भट्टी सुरू झाली असेल. धूर यायला लागला असेल. म्हणून त्याने ठिपका द्यायला सुरुवात केली असेल." मग एकदम चिडून, "मावशी, हे पंधरा दिवस आधी नाही सुचलं तुम्हाला?"

"नाही सुचलं," खात्रीबाई म्हणाल्या. "मी सगळ्यांवर संशय घेतला. यंत्रावर, या चहावाल्यावर, मरून गेलेल्या माणसावर. माझ्यावर घ्यायचा राहिला."

"आज तुम्ही सही करून गेला असतात तर मला कळलंही नसतं."

"तुम्हाला नसतं कळलं. दुसऱ्या कोणाला तरी कळलं असतं, आणि मान तुमची खाली गेली असती."

मोठ्या बाईंनी टेबलावरचा लेख उचलला, पहिलं पान वाचलं आणि खणात पालथा घातला. खण हळूच लावला. मला त्यांच्याकडे बघवेना. मी यंत्रवाल्याच्या चहाकडे बघत बसलो, त्यावर साय धरली होती.

खात्रीबाईंनी पर्स उचलली. मला खुणेने म्हणाल्या, चला. आपली इथली गरज संपली, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना काहीही न तपासता दाराकडे जाताना प्रथमच बघत होतो.

"कुठे निघालात?" मोठ्या बाई म्हणाल्या. डोळे लाल होते, पण आवाज ठीक होता. "ही वही पहिल्यापासून करायचीय. फोटोवरून नाही, कागदावरून, टॉर्च धरून. आणि याच्या आधीच्या सगळ्या वह्यांत तुम्ही कुठे कुठे त्याला गप्प केलंय तेही शोधायचंय. ते तुमच्याशिवाय कोण शोधणार? यंत्र तर आता तुमचंच ऐकतंय. येणार का उद्या?"

खात्रीबाई दारातून वळल्या. आधी यंत्राकडे बघितलं, मग मोठ्या बाईंकडे, आणि पर्समधून तो रुमाल काढत म्हणाल्या, "येईन, पण आधी त्याला परत माझ्याशी भांडायला शिकवा. हो-हो करणारा एक घरी आहे, तेवढा पुरे."